भीमनगरचा नंबर

टाकीत वानर पडून मेलं, यात वानराचा काही दोष नाही. उन्हाळा होता, त्याला तहान लागली, आणि टाकीचं झाकण वादळात उडून चार महिने झाले होते. ते वाकलं आणि पडलं. किळस मला त्याची येत नाही. किळस येते ती त्यानंतर ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये पंख्याखाली जे दोन तास गेले त्यांची, आणि त्या दोन तासांत वही पुढ्यात घेऊन मुकाट बसलेल्या माणसाची. तो माणूस मी.

गावाचं नाव सांगत नाही. मोताळा तालुक्यात, रोहिणखेडच्या अलीकडे कुठंतरी समजा. माझं नाव प्रसेनजित. ग्रामपंचायतीत क्लार्क आहे, तोही कच्चा. मला पक्कं करायचा ठराव दोन वर्षांपासून पुढच्या मासिक सभेत येतो आहे.

पाण्याचं आमच्याकडे असं आहे. टाकी भरली की रोज एका गल्लीला पाणी सुटतं. पहिला नंबर वरच्या गल्लीचा, तिथं सरपंच राहतात. दुसरा मारुती गल्लीचा, तिसरा बाजारओळीचा आणि चौथा भीमनगरचा, म्हणजे आमचा. टाकीत जे उरलं असेल ते आम्हाला. मग टाकी पुन्हा भरायला दोन दिवस. हा क्रम कुठं लिहिलेला नाही, पण मोडायची कोणाची छाती नाही. माझ्या आजोबांच्या वेळी तो विहिरीवर होता, आता व्हॉल्व्हवर आहे, एवढाच काय तो फरक.

त्या बुधवारी बाजारओळीच्या नळांना केस आले. मूठमूठ, करडे.

कचरूकाका हा आमचा पाणी सोडणारा माणूस. साठीला आला, वीस वर्षं त्या टाकीच्या शिडीवर चढतो आहे. तक्रार आली तसा तो वर गेला, दोराला आकडा बांधून अर्ध्या तासानं ते बाहेर काढलं आणि खताच्या पोत्यात घालून ऑफिसच्या मागच्या भिंतीशी आणून ठेवलं. मी बघायला गेलो. जायला नको होतं. फुगून दुप्पट झालेलं, एका कुशीचे सगळे केस गेलेले, खालची कातडी पांढुरकी, आणि डोळ्यांच्या जागी काही नाही. मी भिंतीला हात टेकून ओकलो. कचरूकाका माझ्या पाठीवरून हात फिरवत होता आणि माझ्या मनात एकच विचार होता, यानं हात धुतले आहेत का.

सरपंच उकंडराव दहा मिनिटांत आले. त्यांच्यामागून सदस्या सत्यभामाबाई आल्या, गावातलं भजनी मंडळ त्या चालवतात. बाकीचे सदस्य पत्रिका वाटायला बाहेरगावी होते, कारण रविवारी सरपंचांच्या मुलीचं, अर्पिताचं लग्न. वरपक्ष मलकापूरचा, कापसाच्या जिनिंगवाला. सरपंचांचा पुतण्या हर्षलही आला. तो सदस्य नाही, पण पुण्यात चार वर्षं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करून आल्यापासून गावात काही ठरायचं तर तो लागतोच. बाकी पेपरांत तो पडतो. नीतिशास्त्राच्या पेपरात मात्र त्याला मार्क चांगले पडतात, असं त्याची आई भेटेल त्याला सांगते.

दार लावलं. सहा अगरबत्त्या पेटवल्या. आणि कचोऱ्या मागवल्या. भिंतीच्या पलीकडे ते पोतं आणि अलीकडे गरम कचोरी, वर तळलेली मिरची. मध्ये नऊ इंचांची वीट. माणूस कशावरही जेवू शकतो हे मी त्या दिवशी पाहिलं.

"किती दिवसाचं असन रे?" सरपंचांनी विचारलं.

"पाच-सहा दिवसाचं त पक्कं हाय," कचरूकाका दाराशीच उभा होता. "हात लावला त केस हातात आले."

सगळ्यांनी मनातल्या मनात दिवस मोजले. सोमवारी वरची गल्ली, मंगळवारी मारुती गल्ली. हर्षलचा कचोरीचा हात तोंडाजवळ थांबला. सरपंच मात्र लगेच सावरले.

"आपल्याइकडं घरोघर आरओ हाय," ते म्हणाले. "पेलं कोनी नाई. आंघोळीले वापरलं असन, बस."

"माह्या महादेवाले घातलं मी," सत्यभामाबाई म्हणाल्या. "सोमवारचा अभिषेक केला न त्याच पान्यानं." त्यांचे डोळे खरंच भरून आले. गोमूत्रानं पिंड धुतली तर चालेल का, हे त्यांनी दोनदा विचारलं. बाजारओळीतल्या लेकरांनी सकाळपासून काय प्यायलं असेल, हे एकदाही नाही.

कचरूकाकाचं म्हणणं सरळ होतं. टाकी आत्ता सोडून देतो, आतून धुतो, पावडर मारतो. भीमनगरनं तीन दिवस दम धरावा.

सरपंचांनी हिशेब सांगितला. टाकी आज सोडली, उद्या धुतली, तर शनिवारी संध्याकाळी भरणार. मग रविवारचं पाणी भीमनगरचं, कारण त्यांचा नंबर राहिलेला. वरची गल्ली गेली सोमवारवर. आणि लग्न रविवारी.

"मंग नंबर बदला," कचरूकाका म्हणाला. "रविवारी तुमी घ्या, सोमवारी ते घेतीन."

"नंबर बदलला त कारन सांगा लागते. मागच्या वक्ती एक दिवस चुकला त भीमनगरच्या बाया रिकामे हंडे घेऊन हितं दारात बसल्या होत्या. आता दारात मांडव हाय. अन् मलकापूरवाल्यायच्या कानावर गेलं का ह्या गावच्या टाकीत वानर सडलं, त थे लोक पान्याले हात लावतीन का हितं? पोरीच्या सासरी जलमभर बोलनं राहीन."

म्हणजे ठरलेलं होतं. फक्त ठरवलं असं दिसायचं बाकी होतं. आणि त्यासाठी हर्षल उठला.

त्यानं लसीकरणाच्या तारखा पुसून फळा मोकळा केला. त्याच्या तोंडावर जो उत्साह होता तो मला अजून दिसतो. माणूस मेजवानीला बसतो तसा तो त्या फळ्यापाशी उभा राहिला.

"काका, ही केस स्टडी आहे," तो म्हणाला. "असल्या प्रश्नाकडं बघायचे तीन दृष्टिकोन असतात. एक, परिणाम. ज्यात जास्तीत जास्त लोकांचं भलं होतं, ते बरोबर. दुसरा, कर्तव्य. परिणाम काही होवो, जो नियम आहे तो पाळायचा. आणि तिसरा, सद्गुण. चांगला माणूस असता तर त्यानं काय केलं असतं."

खोटं कशाला बोलू, त्यानं समजावलं चांगलं. मी बीए झालो, मलाही कोणी इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं. आणि क्षणभर मला हायसं वाटलं. कारण तिन्हीपैकी कुठल्याही वाटेनं गेलं तरी टाकी रिकामी करायलाच लागत होती. लोकांचं भलं म्हणा, नियम म्हणा, चांगला माणूस म्हणा. मी पेन उघडून बसलो. इतका मी भोळा होतो.

फळ्यावर तीन रकाने पडले. पहिल्या रकान्यात त्यानं लिहिलं, घबराट टाळणे. त्याखाली, गावाची प्रतिष्ठा. त्याखाली, बहुसंख्यांचे हित. बहुसंख्य म्हणजे तीन गल्ल्या, आणि एक गल्ली म्हणजे अल्प, असं त्यानं बोटांवर दाखवलं.

दुसऱ्या रकान्यासाठी ग्रामसेवकसाहेबांना फोन लावला. ते रजेवर होते. स्पीकरवरून त्यांचा आवाज आला, "नियमात पाण्यात ब्लिचिंग पावडर टाकायची आहे, तेवढी टाका. वाटल्यास डबल टाका. वानराचं नियमात काही नाही. आणि लेखी काही ठेवू नका." हर्षलनं लिहिलं, विहित प्रमाणात निर्जंतुकीकरण.

तिसरा रकाना सत्यभामाबाईंनी भरला. "चांगला मानूस त्याले असं पोत्यात ठेवन का?" त्या म्हणाल्या. "मारुतीरायाचं रूप हाय ते. त्याची मयत काढा लागते. तिरडी, गुलाल, भजन, सारं. नाई त गावाले दोष लागन." आमच्याकडे वानर मेलं की त्याची अंत्ययात्रा काढतात, तेरवी करून गावजेवण घालतात. त्यात मला कधी काही वावगं वाटलं नाही. पण हर्षलनं तिसऱ्या रकान्यात लिहिलं, करुणा, आणि पुढं कंसात, वानर.

मी फळा वरपासून खालपर्यंत वाचला. त्यात प्रतिष्ठा होती, पावडर होती, वानर होतं. भीमनगर कुठंच नव्हतं. साठ घरं, आणि तीनपैकी एकाही रकान्यात त्यांना जागा नाही.

"तिन्हींचा समतोल साधायचा," हर्षल हात झटकत म्हणाला. "उद्या ठरल्याप्रमाणे भीमनगरला पाणी. पावडर डबल. त्यात टाकी आपोआप रिकामी होते, मग धुऊन घ्यायची. वानर मारुती मंदिराजवळ, विजेच्या डीपीच्या तारेला चिकटून मेलं असं सांगायचं. अंत्ययात्रा उद्याच सकाळी. कोणाचंच नुकसान नाही."

कचरूकाका दारापासून दोन पावलं पुढं आला. तो म्हणाला, "मले एकच सांगा. तुमी पेसान का हे पानी?"

हर्षल हसला. "काका, हा प्रश्न भावनिक आहे."

"भावनिक असन नाई त काही असन. म्या थे हातानं काढलं. पेसान का, सांगा."

"तुले सोडाले सांगून राह्यलो, पेवाले नाई," सरपंच म्हणाले.

कचरूकाकानं कमरेची व्हॉल्व्हची चावी काढली, हातभर लांबीची लोखंडी चावी, वीस वर्षं त्याच्याशिवाय कोणी हातात न घेतलेली. ती त्यानं माझ्या टेबलावर माझ्या वहीशेजारी ठेवली. "माह्यानं होत नाई," म्हणाला, आणि दार उघडून निघून गेला. त्यानं ना परिणाम सांगितला, ना नियम. तो वानराच्या पोत्याजवळून जाताना थांबला, पोत्याचं तोंड नीट बांधलं, आणि गेला.

सगळ्यांनी चावीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"प्रसेनजित," सरपंच फार मायेनं म्हणाले, "तुह्या मायले उद्या नळाचं पेऊ देऊ नको. आपल्या आरओ प्लांटवरून दोन क्यान घेऊन जाय. पैशे नाई देवा लागत. अन् तुह्या ठरावाचं, ह्या महिन्यात करून टाकू."

इतकं बोलून त्यांनी कचोरीची प्लेट माझ्याकडे सरकवली. मी नको म्हटलं नाही. अर्धी खाल्ली. मग त्यांनी सांगितलं ते वहीत लिहिलं, की मारुती मंदिराजवळ एक वानर विजेचा धक्का बसून मृत झाले, सबब त्याचा अंत्यविधी ग्रामस्थांच्या वतीने सन्मानाने करण्याचे ठरले. अक्षर माझं पहिल्यापासून चांगलं आहे.

संध्याकाळी दोन क्यान मोटारसायकलला लटकवून घरी आलो. माझी आई कलाबाई ओट्यावर तूर पाखडत होती.

"ह्या काऊन आनल्या बाप्पा?"

"उद्या पानी गढूळ येनार हाय माय. पाइपाचं काम चाललं. तू हेच पेजो."

"सरपंचाच्या प्लांटचं? अन् फुकट?"

"लग्नाच्या ऑर्डरीतल्या जास्तीच्या होत्या."

ती माझ्याकडे बघत राहिली. दर पौर्णिमेला विहारात ती मला शेजारी बसवून पंचशील म्हणायला लावते. खोटं बोलणार नाही, हे त्यातलं चौथं. मी सहा वर्षांचा असल्यापासून म्हणतो. तिनं आणखी काही विचारलं नाही, सूप झटकलं आणि क्यान आत नेल्या.

गुरुवारी सकाळी सात वाजता मी व्हॉल्व्हच्या खड्ड्यापाशी उभा होतो. चावी माझ्या हातात होती. खरं सांगायचं तर वाटेत मीही तीन रकाने पाडले होते. परिणाम: मी नाही फिरवली तर हर्षल फिरवणार, पाणी तेच जाणार. कर्तव्य: सरपंचांचा हुकूम, मी नोकर. सद्गुण: चांगला मुलगा आधी आपल्या आईचं बघतो, ते मी बघितलंय. भराभर भरले रकाने. तेव्हा मला कळलं की ते कशानंही भरतात, भरणाऱ्याला उत्तर आधी ठाऊक असलं म्हणजे झालं. हर्षलचा मला काल जो तिटकारा आला होता, तो असा चोवीस तासांच्या आत माझ्याच घरी मुक्कामाला आला.

चावी फिरवली. जड होती, दोन्ही हात लावावे लागले. खाली पाईपात पाण्याचा घरघर आवाज झाला आणि तो आवाज उतारानं भीमनगरकडे गेला. खड्ड्यातून पावडरीचा उग्र वास वर आला, आणि पावडरीच्या खाली दुसराही एक.

तासभर मी ऑफिसातच बसून राहिलो. समोरच्या मैदानात ट्रॅक्टर सजत होता. वानराला भगव्या कापडात गुंडाळून तिरडीवर ठेवलं होतं, वरून अत्तराच्या बाटल्या ओतल्या होत्या. सत्यभामाबाई टाळ घेऊन पुढं, डोळ्यांना पदर. वरच्या गल्लीच्या बायका एकेक करून पाया पडून जात होत्या. सरपंचांनी स्वतः हार घातला आणि हर्षलनं त्याचा व्हिडिओ काढला. इतक्या मायेनं आमच्या गावानं आजवर कोणा माणसालाही पोचवलेलं मला आठवत नाही. टाळ वाजायला लागले तसा मी घराकडे निघालो.

भीमनगरात नळ जोरात होते. दारोदार हंडे, बादल्या, ड्रम भरलेले. सहा दिवसांनी आलेलं पाणी, बाया खुशीत होत्या. "आज लय जोर हाय रे पान्याले," बेबीताईनं मला हाक मारून सांगितलं, जसं काही ते श्रेय माझं. तिचा नातू नळाखाली तोंड धरून पीत होता. मी मान हलवली आणि पुढं गेलो. हो, पुढं गेलो.

घरी आईनं सगळी भांडी भरून ठेवली होती. मला बघून तिनं चहा कपात ओतला. तिचा स्वतःचा कप रिकामा, चुलीपाशी ठेवलेला.

"क्यान कुठं हायेत माय?"

"धम्मशीलाले देल्या. तिच्या लेकराचं नाव ठेवनं हाय न आज. चिखलीचे पाहुने येऊन राह्यले, त्यायले गढूळ पाजू का?" धम्मशीला आमची शेजारीण. "अन् गढूळ कुठं हाय? पानी त साजरं हाय. जराशी पावडर लागते फक्त."

"तू पेली?"

"सकाळपासून तेच पेऊन राह्यली. काऊन?"

मी उंबऱ्यातच खाली बसलो. मग सांगितलं. वानर, पाच-सहा दिवस, केस, फळा, चावी. चावी कोणी फिरवली तेही. ऐकता ऐकता तिनं एकदा पदर तोंडाशी नेला, तिला उमासा आला होता, तो तिनं गिळला.

"तुले कधी कळलं?"

"काल दुपारी."

"काल दुपारी कळलं, अन् संध्याकाळी तू मले क्यान आनून देल्या."

"हाव."

"बाकीच्यायले?"

मी भरलेल्या हंड्यांकडे बघितलं.

"मले वाचवत होता," ती म्हणाली. रागानं नाही, एखादी वस्तू कुठली आहे ते उलटीपालटी करून बघावी तशी. "मी काय एकटीच राहते का हितं?"

ती उठली. कोपऱ्यातली रिकामी परात आणि झारा घेतला आणि अनवाणीच बाहेर पडली. गल्लीच्या तोंडापासून परात वाजवत निघाली. प्रत्येक दारापुढं थांबायची, एकच वाक्य सांगायची. "पानी सांडा वं, त्याच्यात वानर सडलं होतं. माह्या पोरानं सोडलं." हंडे उपडे व्हायला लागले. सहा दिवसांचं पाणी नालीतून वाहायला लागलं. कोणाच्या तरी घरातून ओकण्याचा आवाज आला, मग दुसऱ्या घरातून. गल्लीत पाणी माझ्या पायांपर्यंत आलं. वर मैदानात टाळ वाजत होते आणि खाली माझ्या आईची परात.

साठ घरं करून ती परत आली. तिच्यामागं बाया जमत होत्या, हातात रिकामे हंडे, सगळ्यांची तोंडं ग्रामपंचायतीकडे. कचरूकाकालाही कोणीतरी बोलावून आणलं होतं. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. बेबीताई नातवाचं डोकं पोटाशी धरून उभी होती.

आई आत आली. चुलीजवळ माझा कप तसाच होता. तिनं तो उचलला आणि माझ्यापुढं धरला.

"पे," ती म्हणाली. "साऱ्या वस्तीले पाजलं, तूच काऊन राह्यतं?"

ती उभी राहिली, कप रिकामा होईपर्यंत. चहा थंड झाला होता, वर साय धरली होती. मी प्यालो, घोट घोट, शेवटपर्यंत. चवीत कुठंच काही वेगळं लागलं नाही. रोजच्यासारखाच होता.